स्वमग्न मुले आणि सरकारचे देणे

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-दालनात मधल्या सुटीत एक वाद झाला, आणि त्या वादात मी जितके बोलावयास हवे होते तितके बोललो नाही, ही रुखरुख अद्याप माझ्या मनातून गेलेली नाही. वाद करणारे आमचे सहकारी अर्थशास्त्र शिकवतात. माणूस सज्जन, अभ्यासू, आणि आपल्या मताला जागणारा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: राज्याच्या तिजोरीत पैसा मोजका असतो, तो जेथे पेरला असता उगवून येईल तेथेच पेरावा. स्वमग्न, मतिमंद अशा मुलांसाठी जे काही करावयाचे ते पुण्यकर्म होय, आणि पुण्यकर्म करावयास आपल्याकडे धर्मादाय संस्था आहेत, दानशूर व्यापारी आहेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपली कुटुंबसंस्था अजून शाबूत आहे. सरकारने पुण्य जोडण्याच्या भरीस पडू नये. सरकारने आपले काम करावे.

इतक्यात तासाची घंटा झाली आणि आम्ही उठलो. माझ्या स्वतःच्या घरी पाच वर्षांचा एक स्वमग्न नातू आहे हे त्या गृहस्थांस ठाऊक नव्हते, आणि ते सांगून वाद जिंकणे मला प्रशस्त वाटले नाही. दुःखाचे भांडवल करून मिळवलेला विजय हा तर्काचा विजय नव्हे. परंतु घरी येऊन विचार करता ध्यानात आले की, हे मत त्यांच्या एकट्याचे नाही; ते आपल्या सुशिक्षित समाजाचे मत आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे, तोंडाने वेगळे बोलणाऱ्या सरकारचेही मनातले मत तेच असावे असे त्याच्या वागणुकीवरून दिसते. म्हणून हे उत्तर लिहावयास बसलो. आता नातवाची गोष्ट लपवण्याचेही कारण उरले नाही.

ज्या वाचकांचा ह्या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगणे अवश्य आहे. १९४३ साली बाल्टिमोर येथील लिओ कॅनर ह्या बालमनोवैद्यकाने अकरा मुलांची टिपणे प्रसिद्ध केली. ही मुले हाका मारल्या तरी वळून पाहत नसत, माणसांपेक्षा वस्तूंत रमत, आणि रोजच्या क्रमात तिळभर बदल झाला तर व्याकुळ होत. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर ह्याने अशाच मुलांवर लिहिले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने शंभर-सव्वाशे माणसांमागे एक ह्या घडणीचा असतो. म्हणजे हा प्रश्न दोन-चार दुर्दैवी घरांचा नाही, प्रत्येक मोठ्या शाळेचा आणि प्रत्येक गावाचा आहे. हा रोग नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील हे जन्माचे वेगळेपण आहे. त्यावर औषध नाही. मात्र मूल दोन-तीन वर्षांचे असतानाच ओळख पटली आणि ते जाणत्या माणसाच्या हाताखाली गेले, तर मागणे, नाकारणे, स्वतःच्या हाताने जेवणे, चार मुलांत बसणे ह्या गोष्टी पुष्कळ मुलांना पुष्कळ अंशी साधतात.

मराठीत आपण 'स्वमग्न' हा शब्द रूढ केला. दिसावयास तो सुबक आहे, पण मला तो नेहमी किंचित खुपतो. 'मग्न' म्हटले की डोळ्यांपुढे भजनात रंगलेला वारकरी येतो, किंवा ग्रंथात बुडालेला पंडित येतो. कुकरची शिट्टी होताच दोन्ही कान दाबून भिंतीकडे धावणारे मूल कसल्याही सुखात मग्न नसते. त्याला जग कमी जाणवते असे नाही. पुष्कळदा ते फार जाणवते, आणि जे जाणवते ते कोणाला सांगता येत नाही. असो. शब्द आता रुळला आहे, तोच वापरतो.

आमच्या घरी काय झाले ते सांगतो, कारण त्यात दोष माझाही आहे. नातू दोन वर्षांचा होऊन गेला तरी बोलेना. मुलीला शंका आली. तिने मला विचारले. मी, तीस वर्षे विद्यार्थ्यांपुढे बोलून पोट भरणारा माणूस, तिला म्हणालो, "अगं, आपल्या घरात सगळेच मुलगे उशिरा बोलले. तुझा काकाही तिसऱ्या वर्षी बोलला." ह्या एका वाक्याने त्या मुलाचे एक वर्ष गेले. डॉक्टरही तसेच म्हणाले, हे माझे समर्थन नव्हे. पण मला विचाराल तर, मुलाच्या वाढीतला हा फरक ओळखण्याची जबाबदारी आजोबाच्या आठवणीवर सोपवलेली असावी, हीच मुळात नामुष्कीची गोष्ट आहे.

पुढे निदान झाले, आणि नातेवाईक बोलू लागले. आईने मोबाईल हातात दिला म्हणून. आई शाळेत नोकरीला जात होती म्हणून. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून. ह्यात आपला अडाणीपणा आहे असे कोणी समजू नये. पश्चिमेकडील विद्वानांनीही हेच केले आहे. आईच्या मायेत ओलावा नसला की मूल असे होते, हे मत अमेरिकेत कित्येक वर्षे शास्त्र म्हणून मिरवले, आणि ब्रूनो बेटेलहाइम ह्याने १९६७ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या तीन वर्षे आधीच बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा एका मुलाचा बाप होता, ह्या अवस्थेचे मूळ शरीरात आहे, आईच्या वागण्यात नाही, हे पुराव्यानिशी मांडलेले होते. शास्त्रातून ते मत आता गेले. व्यवहारातून गेलेले नाही. आईकडे दोष द्यावयाचा आणि मग आईकडेच सगळे काम द्यावयाचे, हा न्याय घराघरांत चालतो. आणि माझा आरोप असा आहे की, आपल्या सरकारी मदतीची सारी इमारत ह्याच न्यायावर उभी आहे.

हा आरोप करण्यापूर्वी कायद्याला त्याचे श्रेय दिले पाहिजे. १९९५ सालच्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मोजले होते. त्यांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ मध्ये संसदेने राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला, त्यात ते प्रथम आले. पुढे २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले, आणि त्यात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले. हा कायदा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आहे. चांगला कायदा आहे. सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क तो देतो. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्के अधिक साहाय्य असावे असे तो म्हणतो. इतकेच नव्हे, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता हाही शब्द त्यात आहे. कायदा वाचून झाल्यावर मला क्षणभर आपण फार सुधारलेल्या देशात राहतो असे वाटले.

पण ह्याच चोविसाव्या कलमाच्या आरंभी चार शब्द घातलेले आहेत. सरकारने ह्या योजना आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत कराव्यात, असे ते शब्द आहेत. दार बांधून झाल्यावर गवंड्याने चौकटीतच एक फट ठेवावी तसे हे झाले. हक्क म्हणावयाचे आणि ऐपत असेल तर देऊ म्हणावयाचे, ह्या दोन गोष्टी एका वाक्यात नांदू शकत नाहीत. ज्याला मी हजार रुपये देणे लागतो, त्याला 'माझ्या ऐपतीच्या मर्यादेत तुझा हक्क मान्य आहे' असे मी म्हणू लागलो तर तो मला काय म्हणेल?

आता ऐपतीच्या मर्यादेत काय मिळते ते पाहू. केंद्र सरकारचे इंदिरा गांधींच्या नावाचे अपंग निवृत्तिवेतन आहे. ते दारिद्र्यरेषेखालील, किमान अठरा वर्षे वयाच्या आणि ऐंशी टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला मिळते. त्यातला केंद्राचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपये आहे. राज्ये आपापली भर घालतात, महाराष्ट्रही घालतो. रक्कम बाजूला ठेवा, वय पाहा. ज्या अवस्थेत तिसऱ्या वर्षी दिलेला एक रुपया अठराव्या वर्षी दिलेल्या शंभरांहून मोलाचा, तिथे हे वेतन अठराव्या वर्षी सुरू होते! म्हणजे रोपाला पाणी द्यावयाचे नाही, आणि झाड वाळले की त्याच्या बुंध्याशी रोज तांब्याभर पाणी घालावयाचे. शाळेकडे वळावे तर समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. दिवसाला दहा रुपयेही पडत नाहीत. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, आणि ती योजना खरोखर चांगली आहे. पण तीत आधी खर्च करावयाचा आणि मग पावत्या पाठवावयाच्या. ज्याच्याकडे आधी खर्च करावयास काही नाही त्याने काय पाठवावे? प्राप्तिकरात अशा मुलाच्या पालकाला ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळत असे, ती जुन्या करपद्धतीत अजून मिळते. २०२० साली आलेल्या नव्या करपद्धतीत तिला जागा नाही. शिवाय ज्याला कर भरण्याइतकी मिळकतच नाही त्याला कोणतीच वजावट उपयोगाची नाही. माझ्या जावयाला ती मिळाली. ज्या बाईविषयी मी पुढे सांगणार आहे तिला ती कधी मिळणार नाही.

आणि ह्या सर्वांच्या दाराशी प्रमाणपत्र उभे आहे. स्वमग्नता मोजण्यासाठी आपल्याकडे एक भारतीय मापनपट्टी केलेली आहे. तीत चाळीस बाबी. प्रत्येकीला एक ते पाच गुण. बेरीज सत्तराच्या खाली आली तर मूल स्वमग्न नाही. सत्तर झाली तर चाळीस टक्के अपंग, आणि कायद्याचे बहुतेक लाभ चाळिसापासून सुरू होतात. पट्टी शास्त्रज्ञांनी अभ्यासपूर्वक केली आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. मी जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. पस्तीस आणि चौतीस ह्यांत काय अंतर असते ते मला पुरते ठाऊक आहे. परंतु चौतीस गुणांच्या विद्यार्थ्याला निदान पुढच्या खेपेस बसता येते. एकोणसत्तर गुणांच्या मुलाची आई पुढच्या खेपेस काय करणार? मूल आणखी थोडे बिघडावे अशी प्रार्थना करणार?

हे प्रमाणपत्र काढण्यासाठी मुलीबरोबर मी एका जिल्हा रुग्णालयात तीनदा गेलो. पहिल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ रजेवर होते. दुसऱ्या दिवशी यंत्रणा बंद होती. कोणती यंत्रणा ते कोणी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी साडेतीन तासांनी आमचा पुकारा झाला. त्या साडेतीन तासांत आमच्या पुढे एक बाई होती. एस.टी.ने सत्तर किलोमीटर आलेली, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. तो मुलगा व्हरांड्याच्या फरशीवर उताणा पडून छताचा पंखा पाहत होता, आणि त्याला कोणी उठवू लागले की किंचाळत होता. पहारेकरी त्या बाईला म्हणाला, "बाई, पोराला जरा वळण लावा." ज्या चाळीस बाबींची मोजणी आत व्हावयाची होती, त्यांतल्या निम्म्या बाहेर सर्वांच्या देखत, फरशीवर पडल्या होत्या, आणि त्या सरकारी इमारतीतील एकाही माणसाला त्या वाचता येत नव्हत्या.

बाईने माझ्या खिशातले पेन पाहून मला विचारले, "काका, एवढा कागद भरून देता का?" मी भरू लागलो. पालकाचा व्यवसाय ह्या रकान्यापाशी आलो आणि तिला विचारले. ती म्हणाली, "काय न्हाई, तसंच लिवा." आधी मजुरीला जात असे, हा पोरगा कोणापाशी राहत नाही म्हणून चार वर्षांपूर्वी सोडली. रात्री तो झोपत नाही, म्हणून नवरा आणि ती पाळीने जागतात. दिवसा ती एकटीच. असे चोवीस तासांचे काम करणाऱ्या बाईच्या व्यवसायाच्या रकान्यात 'काही नाही' असे मी माझ्या हाताने लिहिले.

माझ्या अर्थशास्त्रज्ञ मित्राला माझे उत्तर ह्या रकान्यापासून सुरू होते. आपण म्हणता, सरकारने ह्या मुलांवर खर्च करू नये. परंतु खर्च तर रोज होतोच आहे! तो फक्त सरकारच्या वहीत दिसत नाही, कारण तो त्या बाईच्या अंगावर टाकलेला आहे. माझी मुलगी गणिताची पदवीधर, शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेली, माध्यमिक शाळेत सात वर्षे शिकवलेली. नातवाच्या निदानानंतर सहा महिन्यांनी तिने राजीनामा दिला, कारण सकाळी बोलण्याच्या उपचाराला नेणारे आणि दुपारी घरी शिकवणारे दुसरे माणूस नव्हते. तिच्या शिक्षणावर समाजाने पैसा घातला होता. एका मुलाला सहा तासांसाठी योग्य जागा न दिल्यामुळे राज्याने गणिताची एक शिक्षिका गमावली. आपल्या शास्त्रात ह्याला नफा म्हणतात की तोटा? 'कुटुंबसंस्था शाबूत आहे' ह्या आपल्या वाक्याचा पदच्छेद केला तर कर्ता म्हणून एक स्त्री निघते, आणि तिला वेतन नसते, रजा नसते, निवृत्ती तर नसतेच.

ह्या बाबतीत इंग्लंडमधला एक प्रसंग आठवतो. तेथे १९७६ साली, घरातल्या अपंग माणसाची शुश्रूषा करण्यासाठी नोकरी सोडणाऱ्यांना भत्ता सुरू झाला. त्यातून विवाहित स्त्रिया वगळल्या होत्या. कारण त्या तशाही घरीच असणार, असे गृहीत धरले होते. जॅकलिन ड्रेक नावाची एक बाई आपल्या आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडून घरी बसली होती. ती न्यायालयात गेली, प्रकरण युरोपच्या न्यायालयापर्यंत पोचले, आणि १९८६ मध्ये तो भेद मोडला. दहा वर्षे एका श्रीमंत देशाने जे उघडपणे कायद्यात लिहिले होते, ते आपण न लिहिता पाळतो. केरळाने 'आश्वासकिरणम्' नावाने अशा घरातल्या काळजीवाहकांस दरमहा काही रक्कम देण्याची योजना केली. रक्कम अगदी थोडी आहे. पण त्या योजनेने निदान इतके मान्य केले की, घरात बसलेली ती बाई काम करते आहे.

आता पैसा. पैसा नाही हे उत्तर मराठी वाचकाला नवे नसावे. १९११ साली गोखल्यांनी कलकत्त्याच्या विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा हेच उत्तर आले: लोक तयार नाहीत, तिजोरी तयार नाही, आणि शेतकऱ्याच्या पोराला शिकवून उगवणार काय? १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. त्या अडतिसांतही सज्जन आणि अभ्यासू माणसे होतीच. पुढे पाच वर्षांतच, १९१७ मध्ये, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या लहानशा संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. हिंदुस्थानच्या तिजोरीला जे जमत नव्हते ते कोल्हापूरच्या तिजोरीला जमले, ह्याचे कारण तिजोरीत शोधून सापडणार नाही.

उगवण्याचाच हिशेब करावयाचा तर पंचतंत्राची प्रस्तावना पाहा. अमरशक्ती राजाला तीन मंदबुद्धी मुलगे होते. (स्वमग्न मूल मंदबुद्धीच असते असे नाही, हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा.) त्याने त्यांच्यावर खर्च करण्याआधी उत्पन्नाचा तक्ता मागवला नाही. विष्णुशर्म्याला त्याने शंभर शासने देऊ केली. 'शासन' शब्दाचा तेथला अर्थ जमिनीचे दानपत्र असा आहे. आपल्या आजच्या शासनाने हा जुना अर्थ अधूनमधून आठवावा. विष्णुशर्म्याने मुलांना बदलले नाही, शिकवण्याची रीत बदलली. व्याकरणाच्या जागी कोल्हा, कावळा आणि सिंह आणले. त्याने शंभर शासने नाकारली, एवढाच भाग मात्र आपल्या शिक्षणखात्याच्या पक्का लक्षात राहिलेला दिसतो, कारण विशेष शिक्षकांना ते वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर, कराराने राबवत आले. प्राथमिक वर्गात अशा दहा मुलांमागे आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले की, निदान मंजूर पदे किती ते तरी जाहीर करा. चार वर्षे पदे मोजण्यातच गेली. ह्याच काळात नावे मात्र झपाट्याने बदलली. 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले, खात्यांच्या पाट्या बदलल्या, २०२२ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. विभाग झाला ह्याचा मला आनंद आहे. परंतु 'दिव्य' हा शब्द ऐकला की मला धास्ती वाटते. ज्याला देव मानले त्याला आपण नैवेद्य दाखवतो आणि जेवण मात्र स्वतः जेवतो, ही आपली जुनी रीत आहे.

दानशूरांविषयी एकच सांगतो. पुण्या-मुंबईत ह्या मुलांसाठी झटणाऱ्या संस्था आहेत, त्यांतल्या बऱ्याच पालकांनीच उभ्या केल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण दान शहरात राहते. सत्तर किलोमीटरवरच्या त्या बाईच्या गावी दाता पोचत नाही. तेथे पोचते ती अंगणवाडी. म्हणून जे करावयाचे ते अंगणवाडीपासून केले पाहिजे, आणि गंमत अशी की, त्याची सामग्री कागदावर तयार आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन मुले तपासावयाची असतात, आणि तपासणीच्या यादीत स्वमग्नता आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी शीघ्र उपचार केंद्र असावे असे त्याच कार्यक्रमात आहे. २०२३ मध्ये केंद्राने अंगणवाडीतील दिव्यांग मुलांसाठी वेगळी कार्यपद्धतीही जाहीर केली. पण पथकातील डॉक्टर अर्ध्या दिवसात शंभर मुलांची वजने, दात आणि डोळे पाहणार. हाकेला न वळणारे मूल त्याला 'शांत मुलगा' वाटले तर नवल नाही. आणि सेविका! पोषण आहार, लसीकरण, निवडणुकीच्या याद्या, मोबाईलवर भरावयाची माहिती, एवढे तिच्या डोक्यावर ठेवून वर हेही ठेवले, की ते खाली पडणारच. दर तालुक्याला एक जाणता माणूस, पूर्ण पगाराचा, ज्याचे एवढेच काम. जो गावात येईल, आईला घरी चार गोष्टी करून दाखवील, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येईल. प्रमाणपत्र मागाहून येऊ द्या. तीन वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी टक्के लागत नाहीत. भत्ता आईच्या नावाने, तिच्या कामाचा म्हणून द्या, मुलाच्या टक्क्यांचा म्हणून नको. मोजणीचे म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत स्वमग्नतेला वेगळा रकाना नव्हता. आमची मुले 'इतर'मध्ये किंवा मतिमंदत्वात मोजली गेली, किंवा मोजलीच गेली नाहीत. ज्यांची संख्या सरकारला ठाऊक नाही, त्यांच्यासाठी पैसा पुरणार नाही हे मात्र त्याला नक्की ठाऊक आहे, ही मोठी अद्भुत अंकगणिती सिद्धी होय.

राहिला तो प्रश्न, जो ह्या घरांत दिवे मालवल्यावर विचारला जातो: आमच्यानंतर कोण? मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे अर्ज करून स्वतःच्याच मुलाचे पालकत्व त्यांना पुन्हा मागावे लागते. तेही मिळेल, पण पालकालाही मरण आहे. न्यासाची 'घरौंदा' नावाची प्रौढांच्या निवासाची योजना आहे, तिचे नाव ऐकलेला एकही माणूस मला त्या रुग्णालयाच्या रांगेत भेटला नाही. माझा नातू पाच वर्षांचा आहे, मी सत्तावन्न. त्याची आई एकतीस. हा हिशेब ती रोज करते. ती गणिताची शिक्षिका आहे.

हा अंक निघाला की त्याची एक प्रत मी आमच्या त्या सहकाऱ्यांच्या मेजावर ठेवणार आहे. त्यांनी माझे म्हणणे अवश्य खोडून काढावे, आणि संपादकांनी त्यांना ह्याच पानांत जागा द्यावी अशी माझी विनंती आहे. मात्र खोडताना त्यांनी जो ताळेबंद मांडावा, त्यात जमेच्या बाजूला माझ्या मुलीचा सोडलेला पगार आणि त्या एस.टी.ने आलेल्या बाईची चार वर्षांची मजुरी, ह्या दोन रकमा धराव्यात. कारण सरकारची बचत म्हणून ते ज्या आकड्याकडे बोट दाखवतात, तो आकडा ह्याच दोन रकमांचा झालेला आहे.